कॅरॅव्हॅनला हवा कापणारे पत्रे बसवताय? डिझेल किती वाचेल अन् धोका कुठं आहे, आधी समजून घ्या

सातारा : राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. तेव्हापासून महाबळेश्वर, पाचगणी, कास, कोयना या पट्ट्यात चाकावरची घरं दिसू लागली. जुनी ट्रॅव्हलर, मिनी बस किंवा पिकअपची चेसिस घ्यायची, वर बॉडी बांधायची, आत दोन बर्थ, शेगडी, पाण्याची टाकी आणि छोटा संडास बसवायचा, की झाली कॅरॅव्हॅन. काही शेतकरी कुटुंबांनी कृषी पर्यटनाला जोड म्हणून अशी गाडी भाड्यानं द्यायचा विचार सुरू केला आहे. गाडी हायवेला लागली आणि डिझेलचा काटा भराभर खाली आला, की मग शोध सुरू होतो. कुणी सांगतं टपावर फायबरचा डिफ्लेक्टर लाव. कुणी म्हणतं खालून पत्रा मार. कुणी मागच्या कडेला प्लास्टिकचे बोटभर उंचीचे कान चिकटवायला सांगतं. मोबाईलवर व्हिडिओ पाहिले तर प्रत्येकजण २०-२५ टक्के डिझेल वाचल्याचं सांगतो.

यातलं खरं किती ते पाहण्याआधी हवा गाडीला नेमकं काय करते, ते बघायला लागेल.

सायकलवर किंवा मोटारसायकलवर हायवेनं जाताना शेजारून भरधाव ट्रक गेला की काय होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. आधी एक धक्का बसतो, माणूस बाजूला ढकलला जातो. ट्रक पुढं निघाला की लगेच त्याच्याकडं ओढल्यासारखं होतं. १९७३ च्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स इथल्या नासाच्या केंद्रात काम करणारे इंजिनिअर एडविन सॉल्ट्झमन सायकलनं कामावर जात. त्यांनाही असाच अनुभव यायचा. विमानांवर काम करणारा माणूस, त्यांच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. ट्रक पुढची हवा एवढ्या जोरानं ढकलत असेल आणि मागं एवढी ओढ लागत असेल, तर त्या ढकलण्या-ओढण्याला लागणारं डिझेल कुठून येतं?

मग त्यांनी आणि सहकाऱ्यांनी केंद्रातली एक जुनी डिलिव्हरी व्हॅन घेतली. तिच्यावर अ‍ॅल्युमिनिअमचे पत्रे ठोकून ती मुद्दाम चपलेच्या खोक्यासारखी केली, सगळे कोपरे धारदार. आधी तशीच पळवून अडथळा मोजला. नंतर उभे कोपरे गोल केले, तर हवेचा अडथळा ४० टक्क्यांनी कमी झाला. आडव्या कडाही गोल केल्यावर तो ५४ टक्क्यांपर्यंत उतरला. एवढं करून आतली जागा गेली फक्त ३ टक्के. तळ सपाट झाकल्यावर आणखी फायदा दिसला. आपल्याकडं बॉडी बांधणारे कॅरॅव्हॅनसाठी जे चौकोनी खोकं करतात, ते या प्रयोगातल्या खोक्याचंच भावंड आहे. म्हणून ५० वर्षांपूर्वीचा हा प्रयोग आजही उपयोगाचा.

वेग वाढला की हवा घट्ट होते

हवेच्या रेट्याचं गणित असं, की वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो. आणि तो रेटा ढकलायला लागणारी ताकद आठपट. पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्यांना हाच नियम उलट्या बाजूनं लागू होतो. वारा दुप्पट झाला तर पात्यांना मिळणारी ताकद आठपट होते. पवनचक्की वाऱ्याकडून ताकद घेते, गाडी हवेला ताकद देते, एवढाच फरक.

आता आकड्यात बघू. सव्वादोन मीटर रुंद, तीन मीटर उंच, साडेतीन टन वजनाची एक मध्यम कॅरॅव्हॅन धरा. कोपरे थोडेफार गोल असलेली. ताशी ८० किलोमीटर वेगाला हवा तिला अंदाजे ११८ किलो वजनाएवढा रेटा देते. तो ढकलायला इंजिनातले सुमारे ३४ एचपी खर्च होतात. म्हणजे विहिरीवरच्या ५ एचपीच्या जवळपास सात मोटारी नुसती हवा बाजूला सारायला चालू आहेत. ६० वर उतरलं तर रेटा ६६ किलो, ताकद साडेचौदा एचपी, म्हणजे तीनच मोटारी. १०० वर गेलं की तेरा-चौदा मोटारी. आणि ४० वर? साडेचार एचपीच्या आत, एक मोटारसुद्धा पुरी लागत नाही.

याच गाडीच्या टायरचा अडथळा साधारण ३५ किलोचा असतो आणि तो वेगानं फारसा बदलत नाही. त्यामुळं ताशी ४०-४५ च्या खाली गाडीला टायर जड जातात, त्याच्या वर हवा. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला जाताना गाडी पावणेसहाशे मीटरच्या आसपास वर उचलावी लागते. तेवढं साडेतीन टन वजन उचलायलाच साधारण दीड लिटर डिझेल जातं. तिथं ३० च्या वेगानं जाताना टपावर कितीही सुबक डिफ्लेक्टर असू दे, एक रुपया वाचणार नाही. आषाढीला दिंडीबरोबर निघणारा ट्रक हाही खरं तर मोटारहोमच. त्यात स्वयंपाकाचं सामान, पाण्याच्या टाक्या, झोपायची सोय, सगळं असतं. पण तो पायी चालणाऱ्यांच्या मागं-पुढं सरकत असतो, त्यामुळं त्यालाही या पत्र्यांचा काही उपयोग नाही. पुणे-बेंगळुरू हायवेला किंवा ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाला तासन्‌तास पळणाऱ्या गाडीचा हा विषय आहे.

टपावरचा डिफ्लेक्टर कुणाला चालतो, कुणाला नाही

गाडीच्या केबिनच्या मागं उंच खोकं उभं असेल, म्हणजे केबिनचं टप खाली आणि खोक्याचा माथा हात-दोन हात वर, तर डिफ्लेक्टर खरंच काम करतो. केबिनवरून आलेली हवा त्या उभ्या भिंतीवर थेट आपटते. मध्ये तिरका, फुगीर फायबर बसवला तर ती भिंतीला न आपटता खोक्याच्या माथ्यावरून सरकून जाते. पिकअपच्या चेसिसवर बांधलेल्या कॅरॅव्हॅनला, कंटेनरला आणि मोठ्या टेम्पोला हे लागू आहे.

ट्रॅव्हलर किंवा मिनी बससारख्या एकसंध बॉडीला मात्र त्याचा उपयोग जवळपास शून्य. तिथं काच आणि टप यांच्यात पायरीच नसते. त्या टपावर डिफ्लेक्टर उभा केला तर हवेला अडवायला आणखी एक पाट उभा केल्यासारखं होतं, डिझेल वाढतं. फक्त टपावर एसीचं युनिट किंवा सोलर पॅनेल उघड्या कडेनं बसवलेलं असेल, तर त्याच्या पुढं छोटी तिरकी पट्टी कामाला येते.

उंची आणि तिरकस हीसुद्धा महत्त्वाची. डिफ्लेक्टरच्या वरच्या कडेवरून निघालेली हवेची रेषा खोक्याच्या पुढच्या माथ्याला हलकी चाटून गेली पाहिजे. डिफ्लेक्टर फार बुटका असला तर हवा भिंतीवर आपटतेच. फार उंच असला तर गाडीचं तोंड विनाकारण मोठं होतं. दुसऱ्या गाडीचा उतरवलेला डिफ्लेक्टर स्वस्तात मिळाला म्हणून बसवणारे इथंच फसतात. केबिन आणि खोकं यांच्यातली फट जितकी मोठी, तितकी मधे हवा पडून घोटाळा जास्त.

आणि मुळात बॉडी बांधायला टाकली नसेल तर डिफ्लेक्टरच्या आधी कोपऱ्यांचा विचार करावा. बॉडीवाल्याला सांगून पुढचे उभे कोपरे आणि माथ्याची कड अर्धी वीत ते वीतभर गोल करून घेतली, तर जो फायदा होतो तो नंतर चिकटवलेल्या कुठल्याही वस्तूनं मिळत नाही. कारागिरीचे पैसे थोडे जास्त लागतील. त्यापुढं आणखी गोल करून फारसं काही हाती लागत नाही, आतली कपाटं मात्र लहान होतात.

मागची बाजू अन् एसटीची धूळ

कच्च्या रस्त्यानं आलेली एसटी थांबली की तिची पाठ बघावी. पुढची काच त्या मानानं स्वच्छ, मागची काच मात्र लाल मातीनं लिंपलेली. मागच्या चाकांनी उडवलेली धूळ मागं राहायला हवी, ती उलटी गाडीवर येऊन का बसते? कारण चौकोनी गाडी पुढं सरकली की तिच्या पाठीमागं हवेची पोकळी तयार होते. तिथं दाब कमी असतो आणि आजूबाजूची हवा भोवऱ्यासारखी फिरत आत ओढली जाते. हीच पोकळी गाडीला मागं खेचते. हवेच्या एकूण अडथळ्याचा मोठा वाटा पुढच्या बाजूचा नसून या पाठीचा असतो, हे बऱ्याच जणांना पटत नाही, पण आहे तसं.

पाठ होडीच्या टोकासारखी निमुळती केली तर पोकळी लहान होते. परदेशात लांब पल्ल्याच्या ट्रेलरला मागं उघडणारी-मिटणारी अशी शेपटी लावतात. कॅरॅव्हॅनला ती लावायची तर मागचं दार, शिडी आणि स्टेपनी सगळं आडवं येतं, शिवाय गाडीची लांबी वाढते. लांबी वाढली की आरटीओचा प्रश्न आला, तो पुढं आहेच.

मागच्या कडेला ओळीनं चिकटवायचे प्लास्टिकचे कान, म्हणजे व्होर्टेक्स जनरेटर, हे विमानाच्या पंखावरून आलेले आहेत. ते हवेत बारीक भोवरे तयार करतात, त्यामुळं हवा पृष्ठभागाला थोडी जास्त वेळ धरून राहते. विमानाच्या पंखाला मागं उतरता आकार असतो, तिथं याचा उपयोग होतो. एकदम काटकोनात संपणाऱ्या खोक्याला हवा धरून राहायला पुढं काही नसतंच. तिथं डिझेलमध्ये मोठा फरक पडेल अशी आशा धरू नये. पाठीमागची धूळ किंवा पावसात उडणारं पाणी थोडं कमी बसलं तर तेवढं समाधान.

मागच्या टपाच्या कडेला बसवायची, हवा खाली वळवणारी पट्टीही मिळते. काच स्वच्छ ठेवायला ती उपयोगी आहे, कारण वरची स्वच्छ हवा काचेवरून खाली येते. पण त्यानं डिझेल वाचत नाही, उलट थोडा अडथळा वाढू शकतो. विकणारा दोन्ही फायदे सांगतो.

इथं जीवाशी गाठ आहे

डिझेलचे दोन पैसे वाचले नाहीत तरी चालेल, पण पुढच्या गोष्टी वाचल्याशिवाय कुणी गाडीखाली पत्रा मारू नये.

पहिली गोष्ट गॅसची. कॅरॅव्हॅनमध्ये शेगडी असते, सिलिंडर असतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली बसतो. म्हणून नीट बांधलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये सिलिंडरच्या कप्प्याला आणि फरशीला खाली उघडणारी भोकं ठेवलेली असतात, गॅस जमिनीकडं पडून जावा म्हणून. तळ सपाट करायच्या नादात खालून सलग पत्रा किंवा प्लायवूड मारलं, तर ही भोकं बंद होतात. मग गळलेला गॅस फरशी आणि पत्रा यांच्या मध्ये साठतो. वास लवकर कळत नाही, आणि सकाळी चहाला काडी ओढली की काय होईल ते सांगायला नको. तळ झाकायचाच असेल तर प्रत्येक भोकाखाली त्याहून मोठं भोक ठेवावं आणि ते चिखलानं बुजलंय का, हे दर फेरीला हात घालून पाहावं.

दुसरी गोष्ट सायलेन्सरची. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले, आणि तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांत धुराची काजळी पकडणारा फिल्टर असतो. तो भरला की गाडी स्वतःहून काजळी जाळते. त्या वेळी फिल्टरमध्ये ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता होते. त्याच्या शेजारी प्लायवूड, थर्माकोल, फोम किंवा प्लास्टिकचा पत्रा असेल आणि त्यावर इंजिनातून ठिबकलेलं ऑइल असेल, तर आग लागायला काही कारण उरत नाही. इंजिन, गिअरबॉक्स, फिल्टर आणि सायलेन्सर यांच्या खालचा भाग उघडाच ठेवावा. हवा आत येऊ नये म्हणून पुढची जाळी पुठ्ठ्यानं झाकणारेही आहेत. आपल्या एप्रिल-मेमध्ये खंबाटकी घाट चढताना रेडिएटरला मिळेल तेवढी हवा कमीच असते.

तिसरी गोष्ट धुराची, आणि ही पत्रे न लावणाऱ्यांनीही लक्षात ठेवावी. पाठीमागची पोकळी जशी धूळ ओढते, तसाच सायलेन्सरचा धूरही ओढते. चालत्या गाडीत मागची खिडकी किंवा दार उघडं ठेवलं तर धूर आत येतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. मागच्या बर्थवर झोपलेल्या पोराला तो झोपेतच गाठतो. मागं शेपटी, पट्टी किंवा झालर लावल्यावर हवेचं फिरणं बदलतं आणि आधी न येणारा धूर येऊ लागतो, असंही होऊ शकतं. त्यामुळं चालत्या गाडीत मागच्या खिडक्या बंद ठेवायच्या आणि वाऱ्याला पुढच्या बाजूच्या उघडायच्या. सायलेन्सरचं तोंड झालरीच्या बाहेर निघालं पाहिजे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बाजारात मिळतो, डिफ्लेक्टरच्या आधी तो घ्यावा.

चौथी गोष्ट पकडीची. ८० च्या वेगाला समोरून येणारी हवा एक चौरस मीटरला साधारण ३० किलोचा दाब देते. समोरून ४० चा वारा असेल तर गाडीला तो १२० च्या वेगासारखाच, दाब ६८ किलोच्या आसपास. दोन चौरस मीटरच्या सोलर पॅनेलची पुढची कड उचलली गेली, तर सव्वाशे किलोनं वर ओढणारी ताकद तयार होऊ शकते. पातळ पत्र्यात मारलेले स्क्रू किंवा दोन बाजूंनी चिकटणारी टेप यापुढं टिकत नाही. उन्हात टेपचा गोंद सुटतो. नटबोल्ट आरपार काढून आतून पट्टी द्यावी, भोकाला रबरी वॉशर आणि सीलंट लावावं. नाहीतर पहिल्याच पावसात बर्थवर पाणी. सुटलेला फायबरचा तुकडा मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर बसला तर काय, याचा विचार बसवणाऱ्यानं करायचा.

बाजूच्या झालरीबद्दल एकच. हायवेला ती फायद्याची आहे, कारण बाजूनं खाली घुसणारी हवा अडते. पण गावात शिरताना स्पीडब्रेकर, ऊसवाहतुकीनं पडलेल्या चाकोऱ्या आणि ओढ्याचे फरशी पूल हे सगळं ओलांडायचं असतं. जमिनीपासून वीतभरही अंतर नसलेली झालर महिनाभर टिकत नाही. आडव्या वाऱ्यात उंच गाडी आधीच डोलते. झालरीनं बाजूचं क्षेत्र वाढलं की ती आणखी थोडी ढकलली जाते.

आरटीओ काय म्हणतं

मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. गाडीत केलेल्या बदलांसाठी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं. आरसीवर उत्पादकानं दिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला स्वतःच्या मर्जीनं करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी प्रत्येक बदलामागं ५ हजार रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. गाडीची लांबी, रुंदी, उंची बदलत असेल तर आधी आरटीओ कार्यालयात लेखी विचारावं. मागची शेपटी यात हमखास सापडते. बोल्टनं बसवलेला छोटा डिफ्लेक्टर काढता येण्यासारखा असला, तरी विमा कंपनीला कळवून ठेवलेलं बरं. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर असल्या गोष्टी सगळ्यात आधी टिपतो.

पैसे कधी वसूल होतात

समजा पिकअपवरच्या कॅरॅव्हॅनला चांगला डिफ्लेक्टर बसला आणि हवेचा अडथळा १० टक्क्यांनी उतरला. वर धरलेल्या गाडीला ८० च्या वेगानं १०० किलोमीटरला साधारण १२ लिटर लागतात. त्यातलं ०.९ लिटर वाचेल. म्हणजे अडथळा १० टक्के कमी झाला तरी डिझेल सात-आठ टक्केच वाचतं, कारण टायरचा खर्च तसाच राहतो. हिशेबाला सोपं जावं म्हणून डिझेल १०० रुपये लिटर धरलं, तर १०० किलोमीटरला ९० रुपये. डिफ्लेक्टर बसवून १५ हजार रुपये गेले असतील तर वसूल व्हायला सुमारे साडेसोळा हजार किलोमीटर लागतील, तेही सगळे हायवेचे. भाड्यानं चालणारी गाडी वर्षाच्या आत तेवढं पळेल. घरची गाडी वर्षाला तीन हजार किलोमीटर हायवेला जात असेल, तर साडेपाच वर्षं. तोवर उन्हानं फायबर भुरभुरतो.

फुकटातला उपाय त्याहून मोठा आहे. ९० ऐवजी ७० नं गाडी चालवली की हवेचा रेटा जवळपास ४० टक्क्यांनी उतरतो. कागदावर १०० किलोमीटरला ४ लिटरपेक्षा जास्त फरक येतो. प्रत्यक्षात इंजिन दर वेगाला सारखं काम करत नाही, म्हणून अडीच-तीन लिटर धरा. वेळ जास्त जातो १९ मिनिटं. टपावरचं रिकामं कॅरिअर काढून ठेवणं, टपावरच्या सायकली गाडीच्या पाठीमागं घेणं, बाजूची छत्री नीट गुंडाळून बांधणं, टायरमध्ये हवा बरोबर ठेवणं, यालाही पैसे लागत नाहीत.

हेच पिकअपवाल्यांनाही लागू आहे. लोणंदहून कांदा किंवा फलटणहून भाजी भरून रात्री वाशीला जाणाऱ्या गाडीवर ताडपत्री सैल असेल, तर ती फडफडते आणि प्रत्येक फडफडीचं डिझेल लागतं. ताडपत्री ताणून बांधावी. गोण्यांची पुढची थप्पी केबिनच्या वर एकदम भिंतीसारखी न उठवता पायरीपायरीनं चढवावी. परतीला गाडी रिकामी असते तेव्हा मागचा फाळका पाडून चालवलं की हवा निघून जाते, असा समज आहे. परदेशात पिकअपवर झालेल्या चाचण्यांत हा फायदा दिसला नाही. फाळका लावलेला असतो तेव्हा हौद्यात हवेचा एक फुगा अडकून फिरत राहतो आणि वरची हवा त्यावरून निघून जाते. पाडलेला फाळका रात्री मागच्याला दिसत नाही, ते वेगळंच.

घरच्या घरी तपासायचं कसं

बसवण्याआधी आणि बसवल्यानंतर मोजलं तरच खरं काय ते कळतं. नासाच्या प्रयोगात गाडी एका वेगाला नेऊन मोकळी सोडत आणि ती किती वेळात मंदावते हे मोजत. आपल्या वाहत्या रस्त्यावर न्यूट्रल करून हे करणं धोक्याचं आहे, ते करू नये. त्याऐवजी टाकी फुल करून हिशेब काढावा. पंप तोच, गाडी उभी करायची जागा तीच, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की थांबायचं. रस्ता तोच, जाऊन-येऊन निदान २०० किलोमीटर, वेग ठरलेला, वजन तेवढंच, टायरची हवा तेवढीच, एसी दोन्ही वेळा बंद. असं पत्र्याशिवाय तीनदा आणि पत्र्यासह तीनदा. तीन वेळच्या आकड्यांतच आपापसात पाच टक्के फरक पडत असेल, तर पत्र्याचा फायदा पाच टक्के आहे असं म्हणता येत नाही.

दुसरी चाचणी दोऱ्यांची, तीही त्याच प्रयोगकर्त्यांनी वापरलेली. लोकरीचे वीतभर लांबीचे तुकडे करून त्यांचं एक टोक सेलोटेपनं टपावर, कोपऱ्यांवर आणि बाजूंवर हात-हात अंतरावर चिकटवायचं. पहाटे वारा पडलेला असतो तेव्हा गाडी मोकळ्या रस्त्यावर ६०-७० नं चालवायची. शेजारच्या लेनमधून दुसऱ्या गाडीत मागं बसलेल्या माणसानं मोबाईलवर शूटिंग करायचं, चालवणाऱ्यानं नाही. दोरा सरळ मागं पडून राहिला तर हवा तिथं चिकटून जाते आहे. दोरा गोल फिरत असेल किंवा उलटा पुढं येत असेल तर तिथं हवा सुटली आहे. डिफ्लेक्टर लावण्याआधी खोक्याच्या पुढच्या माथ्यावरचे दोरे उभे राहून नाचतात. उंची बरोबर जमली की तेच दोरे आडवे पडतात. मागच्या खिडकीभोवतीही चार दोरे लावावेत. सायलेन्सरच्या बाजूनं ते काचेकडं वळत असतील तर ती खिडकी प्रवासात उघडायची नाही.